कवळीवाले आणि पिवळा पट्टा

कवळीवाले,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, आणि पत्ता माझ्याकडे नाही. तेव्हा ते पोचेल की नाही ही काळजी तुम्ही करू नका, मीही सोडून दिली आहे. तुम्ही गेल्यापासून इथले लोक तुमच्याविषयी दोनच वाक्यं बोलतात. एक, ‘फार सज्जन माणूस होता हो.’ दुसरं, ‘पण म्हाताऱ्याला सायकलखाली घेतलं त्याने.’ दोन्ही वाक्यं एकाच तोंडून, मधे श्वासही न घेता. अर्धवट माहितीवर बोलणाऱ्यांचा मला किती राग येतो ते तुम्ही ऐकलेलं आहे, नव्हे, सोसलेलं आहे. म्हणून सगळं सरळ लिहून काढायला बसले. काही तुम्ही सांगितलेलं, काही वहिनींकडून कळलेलं, काही लिफ्टमनकाकांच्या मुलीकडून. जिथे कुणीच नव्हतं तिथलं मी समजुतीने भरलं आहे. चुकलं असेल तर दोष तुमचा. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडी पाहिलीत, आपलं वेळेवर उघडायला काय झालं होतं?

एक अडचण आहे. ‘तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत’ असं लिहायला लागले की तुम्ही समोर बसल्यासारखं वाटतं आणि मला भांडण सुचतं. म्हणून आता पुढे तुम्ही म्हणजे फक्त कवळीवाले. आणि मी म्हणजे, सगळी वस्ती मला पाठीमागे म्हणते तीच, अर्जवाली बाई. बरं, आता मधे बोलू नका.

कवळीवाल्यांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण पाटी प्लास्टरच्या धुळीने अशी माखलेली की ते पोस्टमनलाही वाचता येत नसे. तळमजल्यावर मागची एक खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर कवळ्या घासून गुळगुळीत करायची छोटी मोटर, बाजूला मेण वितळवायचा दिवा. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण: ‘शिंपीणबाई’, ‘बँकवाले, घाईत’, ‘वरचा, फार कटकट्या’. बायको म्हणायची, ‘‘या घरात तोंड मिटून बसणारी मी एकटीच.’’ दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. या घराचं बावीस वर्षं त्यावरच भरलं.

काम असं. लांबच लांब एका रस्त्यावर दातांचे चार दवाखाने. डॉक्टर रोग्याच्या तोंडातून माप घ्यायचे. माप म्हणजे एका धातूच्या वाटीत गुलाबी, रबरासारखा मऊ लगदा, त्यात हिरड्यांचा ठसा. हा ठसा मोठा नाजूक. ओल्या फडक्यात गुंडाळून अर्ध्या तासात आणून त्यात प्लास्टर ओतलं तर ठीक. नाहीतर तो सुकतो, आकसतो, आणि केसभर आकसलेल्या मापावर केलेली कवळी माणसाला मरेपर्यंत टोचते. म्हणून कवळीवाले स्वतः जात. डबा हँडलला, फडकं ओलं, आणि सायकल फूटपाथवर.

फूटपाथवर का, तर त्याला कारण होतं. एकतिसाव्या वर्षी ते याच रस्त्याने सायकलवरून जात असताना पाण्याचा टँकर त्यांच्या डाव्या घोट्यावरून गेला. डॉक्टरांनी हाडं स्क्रूंनी एकत्र बांधली. घोटा वाचला, पण वळेना. दहा पावलं चालले की कळ थेट कानापर्यंत. सायकलवर मात्र अंगाचा भार सीटवर, पाय नुसता पायडलवर टेकलेला. चालता न येणारा माणूस सायकल चालवतो हे लोकांना पटत नसे. ‘‘मी सायकलवर बसलेला पादचारी आहे हो,’’ ते म्हणत. रस्त्यावर परत चाक लावायची त्यांची छाती झाली नाही. म्हणजे हिशेब साधा: फूटपाथवर सायकल, तरच पाय; आणि पाय, तरच काम.

हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते फूटपाथवर पाहुण्यासारखे वागत. सायकलला घंटा नव्हती. मुद्दाम काढून टाकलेली. ‘‘घंटा वाजली की माणूस उडी मारतो,’’ ते म्हणायचे, ‘‘आणि नेमकी चुकीच्या बाजूला मारतो.’’ ते पुढच्या माणसाच्या मागे चालीच्या वेगाने येत आणि बोलत. ‘‘ताई, उजव्या पिशवीचा बंद सुटतोय बघा.’’ ताई थांबून पिशवीकडे बघायची, हे बाजूने निघून जायचे. ‘‘काका, सावकाश, मी मागे आहे.’’ ‘‘आजी, गुडघा काय म्हणतोय?’’ आजी गुडघ्याचं सगळं सांगेपर्यंत हे तिच्या बरोबरीने रांगत असायचे, एक पाय जमिनीला टेकवत टेकवत. दहा मिनिटांचा रस्ता त्यांना पंचवीस मिनिटं लागायचा. माप जेमतेम ओलं असताना पोचायचं. पण बावीस वर्षांत कुणाला खरचटलं नाही.

वाटेत बंद पडलेल्या घड्याळाच्या दुकानासमोर एक बाक होता. त्यावर लिफ्टमनकाका. एका मोठ्या कचेरीची लिफ्ट चौतीस वर्षं चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी एका शाळेत कारकून. सकाळी तिने डबा घेतला की हे बाक घेत.

‘‘काय कवळीवाले, आज कुणाचं तोंड घेऊन निघालात?’’

‘‘दोन आहेत आज. एक वरचं, एक खालचं.’’

‘‘मग मला विचारा की! वर-खाली करण्यात जन्म गेला आमचा.’’

हा विनोद रोज व्हायचा आणि दोघं रोज हसायचे. काकांची कवळीही यांनीच केलेली. मेणात दात मांडून दाखवले तेव्हा काकांनी आरशात बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘‘हा कोण?’’

‘‘तुम्हीच.’’

‘‘छे. हा सातव्या मजल्यावरचा साहेब दिसतोय. माझा डावीकडचा एक दात पुढे होता, जरा तिरपा. तो द्या परत.’’

दात वाकडा बसवायला सरळ बसवण्याच्या दुप्पट वेळ लागतो, कारण तो वाकडा दिसायला हवा, चुकलेला नको. कवळीवाल्यांनी तीनदा बसवला. संध्याकाळी काका घरी गेले तर मुलगी दार उघडून बघतच राहिली, आणि मग म्हणाली, ‘‘आलात परत?’’

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण चार-पाच वर्षांत रस्ता आणखी माणसं चिरडायला लागला आणि रस्त्यावरचे सायकलवाले एकेक करून फूटपाथवर चढले. धडधाकट मोठी माणसं. कचेरीत जाणारी, पार्सलं पोचवणारी, कानात काहीतरी घालून वारं प्यायल्यासारखी सुटलेली. त्यांतल्या एकाने अर्जवाल्या बाईला कोपरावर असं आपटलं की हात महिनाभर झोळीत. बाई कॉलेजात शिकलेली, पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केलेली. तिने डाव्या हाताने अर्ज लिहिला: फूटपाथवर सायकली त्वरित बंद कराव्यात. एका आठवड्यात एकशे चौदा सह्या.

त्या एकशे चौदांपैकी निदान चाळीस लोक कवळीवाल्यांच्या कवळ्या घालून जेवत होते. सही करताना एकालाही त्यांची आठवण झाली नाही. त्यांच्या लेखी ‘सायकलवाले’ म्हणजे ते दुसरे. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

कवळीवाले बाईच्या घरी आले. दोन मजले चढून, कठड्याला धरून. दार उघडलं तर कपाळावर घामाचे थेंब.

‘‘कोण आपण?’’

‘‘फूटपाथवरचा सायकलवाला.’’

‘‘मला आपटलं तो?’’

‘‘नाही. तुमच्या जाऊबाईंची कवळी केली तो.’’

‘‘तिची कवळी बोलताना टकटक वाजते.’’

‘‘त्या बोलतातच इतकं. कवळी बिचारी काय करील?’’

बाईला हसू आलं, आणि हसलेलं माणूस अर्धं भांडण हरलेलं असतं. तिने पाणी दिलं. त्यांनी पायमोजा खाली करून घोटा दाखवला. ‘‘बाई, तुमच्या अर्जात ‘त्वरित’ असा एक शब्द आहे. त्या त्वरितमध्ये मी मरतो.’’

बाईने घोट्याकडे बघितलं. मग तिने कागद घेतला, पट्टी घेतली. हिला प्रत्येक दुःखावर कागद आणि पट्टी सुचते. फूटपाथ बारा फूट रुंद. सात चालणाऱ्यांना, पाच सायकलींना, मधे पिवळा पट्टा. कुणाला बंदी नाही, कुणाला धक्का नाही.

‘‘पट्टा कशाला?’’ कवळीवाले म्हणाले. ‘‘सांगितलं की लोक सरकतात की.’’

‘‘तुमच्यासाठी सरकतात. त्या वारं प्यायलेल्यांना कोण सांगणार? ते थांबतात का बोलायला?’’

अर्ज नव्याने लिहिला गेला आणि त्यावर पहिली सही कवळीवाल्यांची झाली, दुसरी बाईची. जिना उतरताना ते म्हणाले, ‘‘बाई, पाय वाचवलात माझा.’’ बाई दिवसभर स्वतःवर खूश होती.

पट्टा एका सकाळी आखला. दोन माणसं, एक दोरी, एक रूळ, पिवळ्या रंगाचा डबा. रंग वाळायच्या आत एक कुत्रं त्यावरून गेलं आणि कडेने पंज्यांचे पिवळे ठसे उमटले. बाई वरून ओरडली, ‘‘अरे, सरळ मारा, पोटात दुखतंय का!’’ पट्टा सरळ झाला.

पहिले काही आठवडे सगळ्यांना नवी चप्पल घातल्यासारखं झालं. चालणारे त्यांच्या बाजूने, चाकं त्यांच्या बाजूने. कवळीवाले आता दहा मिनिटांत घरी. बायकोने दारात विचारलं, ‘‘अहो, बाराच्या आत? भांडण करून आलात का कुठे?’’

‘‘रस्ता मोकळा होता.’’

‘‘मग हात धुवा, आज गरम जेवा. लग्नानंतर पहिल्यांदा.’’

मापं ओलीचिंब पोचू लागली. कवळ्या अशा बसू लागल्या की पाचव्या दवाखान्यानेही काम दिलं. कवळीवाले खूश होते, आणि खूश माणसाला आपण काय काय सोडून दिलं ते लक्षात येत नाही. मागून बोलायची गरज उरली नव्हती, पट्टा होता. चालणाऱ्यांना मागे बघायची गरज उरली नव्हती, पट्टा होता. ताईच्या पिशवीचा बंद सुटला तरी तो ताईच्या बाजूला सुटत होता. दीड महिन्याने त्यांनी घंटा बसवली. कुणी पट्ट्यावर पाऊल टाकलं की वाजवायची, एवढंच. हे त्यांनी मला नंतर सांगितलं तेव्हा ‘घंटा’ हा शब्द त्यांच्या तोंडातून दोनदा अडखळून आला.

(मी ‘मला’ लिहिलं. राहू दे, आता खोडत नाही.)

लिफ्टमनकाका बाकावर होतेच. बाक चालणाऱ्यांच्या बाजूला. त्यांच्या खालच्या कवळीची उजवी कड टोचायला लागली होती. म्हातारपणी हिरडी झिजते, असं होतं. दोन मिनिटांचं काम, मोटरवर जरा घासली की झालं. सोमवारी काकांनी हात वर केला. कवळीवाल्यांनी जाता जाता ओरडून सांगितलं, ‘‘उद्या थांबतो!’’ मंगळवारी डब्यात दोन मापं होती, ‘‘उद्या नक्की!’’ बुधवारी त्यांनी काकांकडे बघून मान हलवली, म्हणजे आपल्या मते सांगितलंच.

गुरुवारी सकाळी पावणेअकराला काका बाकावरून उठले. मऊच खाऊन चार दिवस झालेले. सायकल लांबून येताना दिसली. त्यांनी पट्टा ओलांडला आणि हात आडवा धरला. बंद होणाऱ्या लिफ्टच्या दारात घालतात ना, तसा. घंटा वाजली. पुन्हा वाजली. काका हलले नाहीत. ब्रेक लागला तेव्हा हँडलचं टोक त्यांच्या बरगडीला टेकलं होतं. धडक अशी ती नव्हतीच. बघणारे म्हणतात, काका बसायला गेल्यासारखे खाली गेले. पण खाली बाक नव्हता. खुबा मोडल्याचा आवाज कवळीवाल्यांनी ओळखला. स्वतःच्या घोट्याचा ऐकलेला होता.

डबा उघडून माप फूटपाथवर पडलं. ते उचलायचं कुणालाच सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच सुकलं.

पोलीस टेप घेऊन आला. काकांची एक चप्पल सायकलीच्या बाजूला, पट्ट्यापासून नऊ इंच आत सापडली. त्याने वहीत लिहिलं आणि वही मिटली. ‘‘तुम्ही तुमच्या पट्ट्यात होता. सुटलात.’’

‘‘कशातून?’’ कवळीवाल्यांनी विचारलं.

पोलिसाला वाटलं, माणूस घाबरून बोलतोय. त्याने खांद्यावर थोपटलं.

इस्पितळ एक मैल. त्या दिवसापासून कवळीवाले सायकलला शिवले नाहीत. ते चालत गेले, खांबाखांबाशी थांबत. तिसऱ्या दिवशी काका शुद्धीवर बोलत होते.

‘‘टोचत होतं हो. खाली, उजवीकडे. तेवढंच सांगायचं होतं.’’

कवळीवाल्यांनी कपातली कवळी रुमालात घेतली, मैलभर चालत घरी आले, कड घासली, गुळगुळीत केली आणि परत मैलभर चालत गेले. काकांनी ती घातली, जीभ फिरवली. ‘‘बसली आता. वा.’’ तिरपा दात दिसला.

‘‘काका, घंटा ऐकली नव्हतीत का?’’

‘‘ऐकली की. दोनदा वाजवलीत.’’

‘‘मग सरकला का नाहीत?’’

काकांना प्रश्नच कळला नाही. ‘‘मला वाटलं, कवळीवाले आहेत, थांबतील,’’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, समजूत घातल्यासारखं, ‘‘थांबायचात तुम्ही.’’

एकोणिसाव्या दिवशी काका गेले. पडून पडून छातीत पाणी झालं. त्यांच्या मुलीने कवळीवाल्यांना दारातच धरलं. ‘‘काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाबांनीच पट्टा ओलांडला. तुमची काही चूक नाही, सगळे तेच म्हणतात.’’ पोरगी मनापासून बोलत होती. तिने शिवी दिली असती तर ती त्यांना झेपली असती. हे झेपलं नाही. बायकोला ते म्हणाले, ‘‘एक माणूस मला बोल लावायला तयार नाही. सगळ्यांच्या वतीने तो पट्टाच बोलतो.’’

पंधरा दिवसांनी ते पुन्हा बाईच्या दारात उभे राहिले. या खेपेला जिना चढायला दुप्पट वेळ लागला होता.

‘‘बाई, अर्ज लिहा. पट्टा पुसायचा.’’

‘‘डोकं ठिकाणावर आहे का? पट्टा होता म्हणून तुम्ही आज घरी जेवताय.’’

‘‘पट्टा होता म्हणून मी थांबलो नाही.’’

‘‘आणि पुसल्यावर? ते दुसरे लोकांना आपटत सुटतील, त्याचं काय?’’

‘‘आपटतील कदाचित. पण तेव्हा कुणी कुणाकडे बघत तरी होतं, बाई. आता सगळे जमिनीकडे बघतात. मीसुद्धा. काका समोर उभे होते आणि मी बघत होतो त्यांचा पाय कुठल्या बाजूला आहे ते.’’

बाईने टेबलावरची पट्टी उचलून खणात टाकली.

‘‘पट्टा गेला तर मी परत सायकलवर बसेन,’’ ते म्हणाले. ‘‘घंटा काढीन. नाहीतर नाही. त्या पट्ट्यातून मला पुन्हा जाता येणार नाही.’’

‘‘मग काम कसं करणार? चालत?’’

‘‘बघू.’’

‘‘म्हणजे मला धमकी देताय.’’

‘‘तसं नाही. पहिला अर्ज तुमचा होता, म्हणून तुमच्याकडे आलो.’’

‘‘आणि पहिली सही तुमची!’’ बाई फाडकन बोलली. बोलून झाल्यावर कुठल्याच शब्दाला अर्थ राहिला नाही. दोघं बाईच्या कपाटाकडे बघत बसले. शेवटी ती म्हणाली, ‘‘बरं. गुरुवारी. अकरा वाजता पालिकेच्या दाराशी. अर्ज मी लिहून आणते, तिथेच दोघं सही करू. वेळेवर या.’’

‘‘मी वेळेवरच असतो,’’ कवळीवाले म्हणाले.

मधल्या दिवसांतही मापं येतच होती. कवळीवाले चालत जायचे, चालत यायचे. अर्ध्या तासाचा तास व्हायचा. फडकं वाटेत नळावर पुन्हा भिजवायचे, पण माप एकदा आकसलं की पाण्याने परत येत नाही. एका बाईंची कवळी तीनदा परत आली. ‘बँकवाले, घाईत’ सगळ्यांत आधी गेले, मग एक दवाखाना, मग दुसरा. फळीवरचे जबडे कमी होऊ लागले तशी खोली मोठी दिसायला लागली. बायको म्हणाली, ‘‘अहो, बसा ना सायकलवर. कोण काय म्हणतंय?’’

‘‘कुणी काही म्हणत नाही, तेच तर.’’ मग म्हणाले, ‘‘गुरुवारपर्यंत थांब. बाईंनी शब्द दिलाय.’’

त्या गुरुवारी बाई घरी होती. तब्येत ठणठणीत, बाहेर ऊनही फार नव्हतं. अर्ज निम्मा लिहून टेबलावर पडलेला. ‘सविनय’पर्यंत सगळं ठीक, पण ‘सदर पट्टा आमच्याच विनंतीवरून’ इथे पेन अडलं होतं. आमच्याच विनंतीवरून काय? पुढचं लिहिलं की ते खरं झालं असतं. ती उठली आणि कपाट आवरायला घेतलं. जुन्या साड्या बाहेर, नव्या आत. अकरा वाजले. तिने स्वतःला सांगितलं, तो काही येत नाही एवढा पाय घेऊन. दुःखात माणूस बोलतो. बारा वाजले. पुढच्या आठवड्यात जाऊ, तोवर त्याचंही डोकं शांत होईल. कपाट इतकं लख्ख आवरलं गेलं की त्यानंतर त्यात काही सापडत नाही.

पुढच्या आठवड्यात ते फूटपाथवर दिसले. बाई वरून म्हणाली, ‘‘अहो, गुरुवारी नाही जमलं हं मला. या गुरुवारी जाऊ.’’

ते थांबले, मान वर केली, हसले. ‘‘बघू, बाई.’’

तो ‘बघू’ तिने होकार समजून घेतला. सोयीचं होतं.

महिन्याभरात शेवटचा दवाखाना गेला. तिथला डॉक्टर चांगला, कंपाउंडरच्या हाती तीन आठवडे मापं पाठवत राहिला, पण त्यालाही रोगी सांभाळायचे. मोटर विकली, टेबल विकलं. प्लास्टरचे जबडे कोण घेणार? बायकोने ते पोत्यात भरले. भरताना प्रत्येकावरची खूण वाचत होती, ‘शिंपीणबाई’, ‘कटकट्या’. मेहुणीच्या गावी दोन खोल्या रिकाम्या होत्या, तिथे जायचं ठरलं. तिथे काय करणार, या प्रश्नावर ती एवढंच म्हणाली, ‘‘बसतील.’’

आता परत ‘तुम्ही’ म्हणते, कारण उरलेलं तुमच्याशीच बोलायचं आहे.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी खाली आले होते. तुम्ही गाडीत बसून होता, पाय पुढच्या सीटखाली लांब केलेला. वहिनी किल्ली द्यायला घरमालकाकडे चालल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, ‘‘यांना सांगा, अर्ज मी देणार आहे.’’ त्या थांबल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. म्हणाल्या, ‘‘बाई, त्या गुरुवारी ते साडेदहापासून उभे होते तिथे. बाक नाही तिथे बसायला. दीड वाजता शिपायाने दार लावलं तेव्हा निघाले. घरी आले तर बूट पायातून निघेना, इतका सुजला होता.’’

‘‘मला बोलले नाहीत ते,’’ मी म्हटलं.

‘‘मलाही म्हणाले, बाईंना काही काम निघालं असेल.’’

काम निघालं नव्हतं, कवळीवाले. मी साड्या लावत होते.

तुम्ही आत का गेला नाहीत, स्वतःच अर्ज का दिला नाहीत, यावर मी तुमच्याशी मनात पुष्कळ भांडले. मग लक्षात आलं, कागद माझ्याकडे होता. आणि काका म्हणाले होते तसंच, तुम्ही थांबलात. तेवढा वेळ.

पट्टा यंदा नव्याने रंगवला. आता मधे बाणही काढलेत, जाणाऱ्यांचे आणि येणाऱ्यांचे. लोक पूर्वीपेक्षा भराभर चालतात. मी पालिकेत फोन करून विचारलं. अर्जाला एक सही पुरते, दोन लागत नाहीत. अर्ज आता पुरा लिहून झाला आहे. ‘आमच्याच विनंतीवरून’च्या पुढचं वाक्य सुचायला मला आठ महिने लागले, पण ते बरोबर जमलं आहे; तुम्ही वाचलंत तर एकही शब्द बदलणार नाही. सही करायची आणि नेऊन द्यायचा, एवढंच. इथून चालत वीस मिनिटं. माझे पाय अजून चांगले आहेत.

गेल्या गुरुवारी मी चप्पल घातली, कुलूप लावलं, बंद दुकानासमोरच्या बाकापर्यंत गेले. तिथे बसले. साडेअकरा झाले, बारा झाले. कागद पिशवीतच होता. मग घरी आले.